चौदा वर्षं आणि छत्तीस तास

गोवा मुक्त करायला भारतीय सैन्याला जेमतेम छत्तीस तास लागले. त्याआधी देश चौदा वर्षं थांबला होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्न उभा राहतोच, आणि आमच्या घरात तो कधी बसलेलाच नाही. एका बाजूला माझे काका, अण्णा. बांद्याचे, हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. गोव्याची पत्रादेवीजवळची हद्द त्यांच्या गावाला लागून. दुसऱ्या बाजूला माझी चुलत बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ती मुंबईत कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवते. अण्णांचं म्हणणं, चौदा वर्षं थांबणं ही दिल्लीची नामुष्की. ताईचं म्हणणं, थांबलो म्हणून गोवा मिळाला आणि टिकला. यंदा दोघांचं बोलणं बराच वेळ चाललं. ते इथे देतो आहे, कारण वाद गोव्याचा असला तरी त्यातला प्रश्न गोव्यापुरता नाही: ज्या देशाला धान्यही बाहेरून आणावं लागतं आणि शस्त्रंही, त्याने जगाशी वागायचं कसं?

अण्णा : सरळ विचारतो, बाय. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबादेत सैन्य घुसलं आणि पाच दिवसांत निजामाने हात टेकले. तेच सैन्य पुढे गोव्याकडे वळवायला काय हरकत होती? नाटो तेव्हा जन्मालाही आली नव्हती. पोर्तुगाल तिच्यात गेला १९४९ च्या एप्रिलात. मधले सात महिने मोकळे होते.

ताई : कॅलेंडरावर मोकळे होते, अण्णा. काश्मीरची लढाई चालूच होती, तिथे शस्त्रसंधी झाली १ जानेवारी १९४९ ला. शिवाय आपलं सैन्य तेव्हा कुणाच्या हाताखाली होतं ते बघा. करिअप्पा सरसेनापती झाले जानेवारी १९४९ मध्ये, तोपर्यंत त्या जागी इंग्रज. हवाई दलाला भारतीय प्रमुख मिळाला १९५४ मध्ये. आणि नौदलाला? ॲडमिरल कटारी, एप्रिल १९५८. गोवा घ्यायचा म्हणजे मुरगाव बंदर रोखायचं, समुद्र बंद करायचा. त्या आरमाराचा प्रमुख इंग्रज, आणि पोर्तुगाल हा इंग्लंडचा चौदाव्या शतकापासूनचा दोस्त. त्या माणसाला तुम्ही कोणता हुकूम देणार होता?

अण्णा : हुकूम द्यायचा. नाही म्हणाला तर बोटीत बसवून घरी पाठवायचा.

ताई : आणि त्याच्या जागी बसवायला तयार माणूस? आरमार काही कागदावर उभं राहत नाही. आपली पहिली विमानवाहू नौका, विक्रांत, मुंबईला पोचली नोव्हेंबर १९६१ मध्ये. गोव्याची कारवाई डिसेंबरातली.

नौदलाचा हा तपशील गोव्यावरच्या चर्चेत फारसा कुणी काढत नाही. आपण १९४७ म्हटलं की सगळं आपल्या हातात आलं असं समजून बोलतो. झेंडा आला होता, घटना लिहिली जात होती, पण साऱ्या आरमाराला आज्ञा देणारा माणूस आपला व्हायला आणखी दहा-अकरा वर्षं जायची होती. नव्या देशाचं परराष्ट्र धोरण अशा उसन्या हातांनी चालतं, आणि ते उसनेपण उघड बोलून दाखवता येत नाही, ही त्यातली खरी कोंडी. तरी अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर एवढ्याने होत नाही. ते त्यांनाही माहीत होतं.

अण्णा : बरं, १९४८ सोड. फ्रान्सचं बघ. पुदुच्चेरीचा कारभार त्यांनी नोव्हेंबर १९५४ मध्ये आपल्या हाती दिला, बोलणी करून दिला. पोर्तुगालशी बोलायला आपण लिस्बनला वकिलात उघडली, १९५० मध्ये रीतसर प्रस्ताव दिला. त्यांचा हुकूमशहा सालाझार, त्याने काय केलं? १९५१ मध्ये स्वतःची घटनाच बदलली, आणि वसाहतींना नाव दिलं ‘सागरापलीकडचे प्रांत’. म्हणजे गोवा हा पोर्तुगालचाच तुकडा, मग बोलायचं कशावर? जून १९५३ मध्ये आपण वकिलात बंद केली. म्हणजे बोलण्यातून काही निघणार नाही हे दिल्लीला १९५३ मध्येच कळलं होतं. पुढची आठ वर्षं कशासाठी घालवली?

ताई : सालाझारला अडचण अशी होती की एक तुकडा सोडला तर अंगोला आणि मोझांबिक का सोडू नये, याचं उत्तर देता येत नाही. फ्रान्सने इंडोचायनात मार खाल्ला होता, त्याला शहाणपण आलं होतं. पोर्तुगालला ते यायचं होतं. आणि आठ वर्षं रिकामी गेली असं कसं म्हणता? १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली सुटली ना!

अण्णा : सुटली ती दिल्लीमुळे नाही. आझाद गोमंतक दलाची पोरं, संघाची पोरं, विश्वनाथ लवंदे, राजा वाकणकर, आमचे सुधीर फडके. गाणारा माणूस बंदूक घेऊन सिल्वासाला गेला. २ ऑगस्टला सिल्वासा घेतलं. पोर्तुगीज सत्ता आतून किती पोकळ आहे, हे त्या मूठभर लोकांनी दाखवून दिलं.

ताई : त्यांचं शौर्य मी कमी लेखत नाही. पण दादरा, नगर हवेली चहूकडून भारताने वेढलेली. दमणहून कुमक पाठवायची तर आपल्या जमिनीवरून पाठवावी लागणार, ती दिल्लीने अडवली. दिल्लीने तेवढंच केलं, पण तेवढ्याने सगळं झालं. गोव्याला समुद्र होता. आणि ते अडवणंही फुकट नाही पडलं. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. आपल्या बाजूने सेटलवाड उभे राहिले. निकाल यायला एप्रिल १९६० उजाडला. न्यायालय म्हणालं, माणसांना आणि मालाला जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्याला आणि शस्त्रांना नव्हता, आणि भारताने अडवलं त्यात भारताची चूक नाही. हा खटला हरलो असतो तर?

अण्णा : जिंकलात. छान. आता १९५५ वर ये.

इथे अण्णांचा आवाज बदलतो. त्या वर्षी ते अकरा वर्षांचे होते.

मे महिन्याच्या १८ तारखेला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची पहिली तुकडी हद्द ओलांडून गेली. मग एकामागून एक तुकड्या. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती माणसं गोळा करत होती, जयंतराव टिळक धावपळ करत होते. गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये, जगन्नाथराव जोशी, बंगालचे त्रिदिब चौधुरी असे एकेक जण धरले गेले, मार खाऊन पोर्तुगीज तुरुंगात पडले. आणि मग १५ ऑगस्ट. अण्णांच्या पडवीत आदल्या रात्री कुठले कुठले लोक निजले होते. त्यांची बोली आजीला कळत नव्हती, पेज वाढताना ती हातानेच ‘आणखी घ्या’ म्हणायची. सकाळी पाऊस लागलेला. झेंड्यांची कापडं भिजून काठ्यांना चिकटलेली, आणि एकेक जण ती बोटांनी सोडवून पुन्हा पसरत होता, कारण हद्दीपलीकडच्यांना तिरंगा दिसायला हवा होता. अण्णांचे थोरले भाऊ त्यांच्याबरोबर गेले. हातात कुणाच्याही काठीपलीकडे काही नव्हतं. पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या. गोव्याच्या हद्दीवर त्या एका दिवसात विसाहून अधिक माणसं मेली. पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल पत्रादेवीला पडले. थोरले काका परत आले, पण त्या दिवसाबद्दल घरात ते कधी बोलले नाहीत. जे कळलं ते अण्णांनी पाहिलेलं.

अण्णा : माझी तक्रार ऐक. आदल्या वर्षी, १९५४ च्या ऑगस्टात, सरकारने गोव्याबाहेरच्या लोकांना हद्दीवर अडवलं. पंचावन्न साली अडवलं नाही. आणि पाठीशीही उभं राहिलं नाही. सैन्य वापरणार नाही असं नेहरू उघड सांगत होते, सालाझार ते ऐकत होता. म्हणजे समोरच्याला खात्री दिली की गोळी चालवलीस तरी उत्तर येणार नाही, आणि मग निःशस्त्र माणसांना पुढे जाऊ दिलं. माणसं मेल्यावर पुन्हा बंदी घातली. अडवायचं होतं तर आधी अडवायचं. जाऊ द्यायचं होतं तर मागे उभं राहायचं. हे मधलं काय होतं?

ताई थोडा वेळ बोलली नाही. मग बोलली ती सावकाश.

ताई : त्या काळात भारताकडे जगात जे वजन होतं ते कशाचं होतं, अण्णा? तोफांचं नव्हतं. कोरियातल्या युद्धकैद्यांचा तिढा सोडवायला आपल्या जनरल थिमय्यांना बोलावलं. इंडोचायनाच्या नियंत्रण आयोगांचं अध्यक्षपद आपल्याला दिलं. एप्रिल १९५५ मध्ये बांडुंगला एकोणतीस देश जमले, तिथे आपण सांगून आलो की तंटे शांततेने मिटवायचे. काश्मीरबाबत सुरक्षा समितीत आपण फिर्यादी होतो, पाकिस्तानने आक्रमण केलं म्हणून. बांडुंगनंतर चार महिन्यांत गोव्यात रणगाडे घातले असते तर ही सगळी पत एका दिवसात गेली असती. गरीब देशाजवळ पतच असते.

अण्णा : आणि त्या पतीवर मिळालं काय? त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेचे डलेस पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्याबरोबर निवेदन काढतात आणि गोव्याला पोर्तुगालचा ‘प्रांत’ म्हणतात!

ताई : म्हणाले, कारण त्याआधी रशियाचे ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात येऊन आपली बाजू घेऊन गेले होते. गोवा एका रात्रीत शीतयुद्धाचा विषय झाला. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर अमेरिकेचा हवाई तळ, बेटं पोर्तुगालची. वॉशिंग्टनला सालाझार आवडत नसेलही, पण तो तळ हवा होता. दुसरीकडे १९५६ च्या ऑगस्टात आपण त्याच अमेरिकेशी गव्हाचा करार करतो, पीएल ४८०. १९५७ मध्ये परकीय चलन आटतं, पंचवार्षिक योजना अडते, पाश्चात्त्य देशांपुढे हात पसरावा लागतो. अशा वेळी नाटोच्या सभासदावर चाल करून जायची?

हा युक्तिवाद पक्का आहे, आणि त्यातला गहू खरा आहे. पण तो अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर नाही, असं माझं मत आहे. सैन्य न पाठवण्याची कारणं ताईने दिली. अण्णांनी विचारलं होतं माणसांबद्दल. थांबणं हे धोरण असू शकतं, आणि १९५५ मध्ये ते बरोबर धोरण होतं असं मला तरी वाटतं. पण थांबण्याची किंमत असते, आणि ती कोण भरणार हे सरकारने ठरवायचं असतं. इथे ते कुणी ठरवलंच नाही. मग ज्यांच्या अंगात धमक होती त्यांनी आपणहून भरली, पत्रादेवीला, तेरेखोलला, आग्वादच्या कोठड्यांत.

गोळीबारानंतर दिल्लीने कडक पाऊल उचललं ते नाकेबंदीचं. रेल्वे बंद, वाहतूक बंद, मनिऑर्डरी बंद. आता ही नाकेबंदी कुणाला लागली? धोबी तलावच्या कुडांतून, म्हणजे गावागावांच्या सामायिक बिऱ्हाडांतून, राहणारे गोवेकर मुंबईत बोटीवर, बँडात, स्वयंपाकघरात राबून घरी पैसे पाठवत. ते पैसे थांबले. बारशाला, बाराव्याला जायचं तर परवान्यासाठी खेटे. अण्णांची मावशी पेडण्यात दिलेली, हाकेच्या अंतरावर, आणि तिची भेट दुर्मीळ झाली. उलट गोव्याच्या खाणींतलं लोखंडाचं खनिज बोटी भरभरून जपानला जात होतं. सालाझारच्या सरकारने दाबोळीहून विमानं कराचीला सुरू केली. तांदूळ, सिमेंट, बटाटे समुद्रमार्गे येऊ लागले. १९५९ मध्ये तर रुपया काढून एस्कुदो आणला. खाणमालकांची भरभराट झाली, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यांच्या चुलीवर त्याची झळ लागली. आपल्या माणसांवर घातलेली नाकेबंदी शत्रूला नमवेल, ही समजूत कुठून आली कोण जाणे. या मुद्द्यावर, सांगायला हवं, त्या दोघांचं एकमत आहे.

ताई : नाकेबंदी फसली, मान्य. पण वेळ वाया गेला हे मान्य नाही. १९५५ मध्ये गोवा ही एकट्या भारताची तक्रार होती. १९६० मध्ये आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले. त्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा जाहीरनामा मंजूर केला, एकही मत विरोधात नाही. पाठोपाठ दुसऱ्या ठरावाने पोर्तुगालचे सगळे ‘प्रांत’ या परतंत्र वसाहती आहेत असं नाव घेऊन सांगितलं, त्यात गोवा होता. १९६१ मध्ये अंगोला पेटला. सालाझारला सैन्य तिकडे न्यावं लागलं, गोव्यातली शिबंदी उतरली. ऑक्टोबरात दिल्लीत आफ्रिकेचे पुढारी आले आणि आपल्यालाच विचारू लागले, तुम्ही कशाची वाट बघताय? सालाझारला एकटं पडायला इतकी वर्षं लागली. ती वर्षं आपण दिली.

अण्णा : एकटा? १८ डिसेंबरला सुरक्षा समितीत आपल्याविरुद्ध मतं किती पडली, सांग.

ताई : सात.

अण्णा : आणि आपल्या बाजूने?

ताई : चार. रशिया, सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक.

अण्णा : सात विरुद्ध चार. रशियाचा नकाराधिकार नसता तर युद्धबंदी करा, मागे फिरा, असा हुकूम आला असता. अमेरिकेच्या स्टीव्हन्सनने तर आपल्याला नीती शिकवली. चौदा वर्षं कमावलेली पत ती हीच का? शेवटी एका महासत्तेच्या एका हातावरच निभावलं.

ताई : ती सात नावं वाचा ना. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान, चिली, इक्वेडोर आणि तैवानचा चीन. त्या यादीत आफ्रिका नाही. नव्याने स्वतंत्र झालेला एकही देश नाही. नकाराधिकारानंतर अमेरिकेला हे प्रकरण आमसभेत नेता आलं असतं. नेलं नाही. तिथे मतं मिळणार नाहीत हे त्यांना दिसत होतं. हे मी म्हणते ते कमावणं. १९५५ मध्ये आमसभाच वेगळी होती, तिथे आपण उघडे पडलो असतो.

अण्णांनी मान हलवली, पण मान्य केलं असं नाही. मला ताईचं हे म्हणणं पटतं. कारवाईही कशी झाली बघा. मेजर जनरल कँडेथ यांचं सतरावं डिव्हिजन, ब्रिगेडियर सगतसिंगांचे छत्रीधारी, समुद्रात आपलं आरमार. १७ डिसेंबरच्या रात्री हालचाल सुरू, १९ ला संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा शरण. सालाझारने त्याला कळवलं होतं की शरणागती नको, जिंकलेले नाहीतर मेलेले शिपाईच मला हवेत. त्या माणसाने तो हुकूम पाळला नाही, म्हणून पणजी उभी राहिली. त्याला मायदेशी त्याची शिक्षा भोगावी लागली. आपले बावीस जवान कामी आले. आणि पुढच्या वर्षभरात जग गोव्याबद्दल जवळजवळ गप्प झालं. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीन उतरला, तेव्हा ज्या अमेरिकेने आपल्याला नीती शिकवली तिच्याकडेच नेहरूंनी शस्त्रं मागितली आणि ती आली. राष्ट्रांच्या रागाचं आयुष्य फार नसतं. हे १९५५ मध्ये कुणाला ठाऊक असतं तर?

अण्णा : आता माझा शेवटचा मुद्दा, आणि याला इतिहासाचं पुस्तक पुरत नाही. मोहन रानडे. सांगलीचा माणूस, आझाद गोमंतक दलाचा. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावर चाल केली, गोळी लागून पकडला गेला. सव्वीस वर्षांची शिक्षा. गोवा सुटण्याआधीच त्याला पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळ काशियसच्या तुरुंगात टाकला. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या हातात पोर्तुगीज सैनिक किती होते?

ताई : तीन हजारांहून अधिक.

अण्णा : मे १९६२ मध्ये ते सगळे सोडले. विमानाने कराची, तिथून बोटीने घरी. तीन हजार माणसं परत दिली, आणि एक रानडे मागून घेता आला नाही? तो सुटला जानेवारी १९६९ मध्ये. गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाली होती, पणजीत निवडणुका होऊन बांदोडकर मुख्यमंत्री झाले होते, आणि ज्याने त्यासाठी गोळी खाल्ली तो लिस्बनच्या कोठडीत.

ताई : युद्धकैदी ओलीस ठेवता येत नाहीत, अण्णा. जिनिव्हा कराराने ते परत द्यावेच लागतात. त्यातून मोझांबिकमध्ये पोर्तुगीजांनी हिंदी माणसांना छावण्यांत डांबलं होतं, त्यांची दुकानं, घरं जप्त केली होती. त्यांचा विचार करावा लागला. लिस्बनमध्ये आपला वकील नाही, बोलायचं तर तिसऱ्या देशामार्फत.

अण्णा : ओलीस ठेवा असं मी म्हणत नाही. यादी करा म्हणतो. देणंघेणं बोलताना आपल्या बाजूच्या यादीत पहिलं नाव कुणाचं हवं होतं? सुधीर फडक्यांसारखी माणसं त्याच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं धडपडली. त्यांना का धडपडावं लागावं? १९७४ मध्ये लिस्बनला क्रांती झाली, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालचे सोआरेश दिल्लीत आले, आपल्या यशवंतराव चव्हाणांबरोबर करारावर सही केली, गोवा भारताचा हे मान्य केलं. तुमचं सगळं जमलं. रानड्यांची तेरा वर्षं मात्र कुठल्या हिशेबात धरायची?

ताई : चौदा वर्षं थांबण्याच्या बाजूने मी उद्याही बोलेन. पण जे थांबले नाहीत ते आपलेच होते, आणि त्यांना सोडवून आणणं फडक्यांचं नाही, परराष्ट्र खात्याचं काम होतं. त्यासाठी ना तोफा लागत होत्या, ना अमेरिकेचा गहू.